गायधनींचं नाक

सुबोध गायधनींना देवाने नाक सढळ हाताने दिलं होतं. लखनौच्या रेल्वे कारखान्यात इंजिनिअर असताना ते यंत्राला हात लावत नसत. शेडच्या दारात उभे राहून हुंगत आणि म्हणत, "तिसरं बेअरिंग तापलंय." बहुतेक वेळा ते तापलेलंच असे. नसलं, तर गायधनींच्या धाकाने तापत असावं.

निवृत्तीनंतर हे नाक त्यांनी वाइनच्या सेवेला जुंपलं. माणूस मूळचा नाशिकचा, तेव्हा द्राक्षांवर आपला जन्मसिद्ध हक्क आहे अशी त्यांची समजूत. निशातगंजच्या दुकानातून सगळ्यांत स्वस्त बाटली आणायची, तेलीबागेतल्या घरी आम्हा चार मराठी डोक्यांना बोलवायचं, स्टीलच्या पेल्यांत ओतायची आणि "आधी फिरवा, मग हुंगा, मग प्या!" अशी कवायत घ्यायची. आमच्यापैकी बहुतेक जण तिसऱ्या हुकमावर थेट उडी मारत.

तो दुकानदार वाइनच्या बाटल्या शोभेसाठी काचेत, उन्हात उभ्या मांडायचा.

"साहब, ये लेडीज़ आइटम है। ठंडी बियर ले जाइए।"

"भैया, बाटली को आडवी रखो! बूच सूखेगा तो हवा घुसेगी, हवा घुसेगी तो सिरका बनेगा!"

वाइनचं व्हिनेगर होण्याच्या या धमकीवर दुकानदार मान डोलवायचा आणि बाटली होती तिथेच राहायची.

गायधनींच्या घरी एक बाटली मात्र वेगळी होती. आठ वर्षांपूर्वी ते आणि पद्मिनीवहिनी दिंडोरीकडचा एक द्राक्षमळा बघायला गेले होते. तिथे वहिनींनी जन्मात पहिल्यांदा वाइन हुंगली आणि म्हणाल्या, "अहो, शाळेच्या दप्तरात जांभळं चिरडली की अस्साच वास यायचा." मळा दाखवणारा मुलगा बघतच राहिला. गायधनी तर त्या दुपारी बायकोच्या नव्याने प्रेमात पडले. तीच लाल वाइन त्यांनी घेतली. लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला उघडायची, असं ठरलं.

मध्येच चार वर्षांपूर्वी गायधनींना तो साथीचा ताप आला. ताप गेला आणि जाताना वासही घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, "वर्ष-दोन वर्षांत येईल. नाही आला तर..." पुढचं वाक्य त्यांनी औषधाच्या चिठ्ठीवरही लिहिलं नाही. गायधनी सकाळी हिंग हुंगायचे, दुपारी कापूर, संध्याकाळी वाइन. चार वर्षं हुंगले. एकदा दूध करपून भांडं काळं झालं आणि हे शेजारी बसून पेपर वाचत होते. कारखान्यातलं बेअरिंग ओळखणारा माणूस!

"एवढी एक बाटली उरलीय," ते मला म्हणाले. "हिने नाक उघडलं नाही, तर कशानेच उघडणार नाही. मग हा नाद बंद."

आता ही बाटली कुठे होती? देवघराखालच्या कपाटात. त्या तापाच्याच वर्षी खंडेनवमीला गायधनींनी पाना, हातोडी, टेप यांच्या रांगेत बूच काढायचा स्क्रूही हौसेने पुजायला मांडला. वहिनींना वाटलं, याच्याबरोबर बाटलीही पुजावी, म्हणजे नाकाला गुण येईल. तिलाही हळदकुंकू लागलं. आणि पूजलेली वस्तू आडवी टाकायची नाही, हा वहिनींच्या माहेरचा नियम. बाटली उभी राहिली. अख्ख्या निशातगंजला बाटली आडवी ठेवायला शिकवणारा माणूस बायकोच्या नवसापुढे गप्प बसला. लखनौचे चार उन्हाळे ती बाटली उभीच होती.

तिसावा वाढदिवस रविवारी दुपारी होता. मुलगा अर्णव बंगळूरूहून आला होता.

"पापा, भाषण बाद में। पहले खोलिए ना।"

स्क्रू फिरला आणि बुचाचा भुगा झाला. गायधनींनी गाळणीतून वाइन ओतली, पेला नाकाशी नेला, डोळे मिटले. वहिनींनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं. आम्ही श्वास रोखून बसलो होतो.

"जांभूळ!" गायधनी ओरडले. "पद्मा, दप्तरातलं जांभूळ!"

आम्ही टाळ्या वाजवल्या. मग पेले आमच्या हातात आले.

तो सिरका होता. शुद्ध, डोळ्यांत पाणी आणणारा सिरका. पेला हातभर लांब असतानाच कळत होतं.

"पापा, ये तो..." अर्णव म्हणाला. वहिनींनी त्याचा गुडघा दाबला.

"जांभूळच," त्या म्हणाल्या. "अगदी तेच."

मीही "वा!" म्हणालो आणि प्यायलो. मैत्रीत माणूस काय काय पितो.

मग गायधनींनी घोट घेतला. नाक गेलं असलं तरी जीभ शाबूत होती. त्यांनी तोंडातला घोट तसाच धरून ठेवला आणि एकेकाकडे पाहिलं. माझ्याकडे, अर्णवकडे, शेवटी वहिनींकडे. ते खोटं बोलले हे आम्हाला कळलं होतं, आणि आम्हाला कळलंय हे त्यांना. घोट गिळून ते म्हणाले, "जरा आंबट आहे का गं?"

"जरा," वहिनी म्हणाल्या.

"कांद्यावर घालायला होईल."

"होईल की."

ते उठले, देवघराखालचं कपाट उघडलं. पाना, हातोडी, टेप बाजूला सारून मागच्या कोपऱ्यात त्यांनी तो स्क्रू ठेवला. आडवा.

वहिनींनी पाहिलं. उभा करा म्हणाल्या नाहीत.