तेलगोटे मिस्त्री गाडी पाहतात

श्रावण तेलगोटे यांनी चौतीस वर्षं अकोल्याच्या एसटी वर्कशॉपात इंजिनं उघडली आणि बंद केली. ड्रायव्हर त्यांना मिस्त्री म्हणत. बस सुरू ठेवायची, मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मिनिटभरानं ते म्हणत, "तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह पाहा," आणि तिसऱ्याचाच निघे. त्यांच्या स्वतःच्या दारात मात्र कधी चारचाकी उभी राहिली नाही. जुन्या शहरातली त्यांची गल्लीच अशी, की ऑटो आला तर समोरून येणाऱ्यानं ओट्यावर चढायचं.

निवृत्तीला तीन वर्षं होत आली, तेव्हा त्यांच्या एकुलत्या एका मुलीनं, आचलनं, गाडी घ्यायचं ठरवलं. ती अमरावतीला जलसंपदा खात्यात सिव्हिल इंजिनिअर. शनिवारी अकोल्याला यायचं आणि रविवारी संध्याकाळी परत जायचं, हे एसटीनं करून ती थकली होती. क्लचशी तिचं जमत नव्हतं. शिकताना राजकमल चौकात गाडी दोनदा बंद पडली, मागच्यांनी हॉर्न वाजवून जीव नको केला. तेव्हापासून तिचा पण होता, घेईन तर ऑटोमॅटिकच.

"बाबा, पसंती तुमची," ती म्हणाली. "मले धरणाचं इचारा. इंजिनातलं तुमाले समजते."

मिस्त्रींना आभाळ ठेंगणं झालं. आजकाल जो तो उंच गाडी घेतो, हे त्यांना मुळीच पटत नसे. "गाडी कशी जमिनीले धरून चालली पाहिजे. उंटावर बसून कुठी जा लागते?" म्हणून सेडान. डिझेलच्या धुरात जन्म गेला, म्हणून पेट्रोल. शेवटी दोन गाड्या उरल्या. एक, एक लिटरची तीन सिलिंडरची टर्बो. दुसरी, दीड लिटरची चार सिलिंडरची, बिनटर्बोची, साधी.

बायको, मायाबाई, भाकरी थापत असताना त्यांनी तिला सगळं समजावलं. टर्बो म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर पंखा फिरवायचा आणि त्यानं इंजिनात जास्तीची हवा कोंबायची. इंजिन लहान, पण काम मोठ्याचं. मात्र पंख्याला वेग येईपर्यंत क्षणभर गाडी ऐकत नाही. त्याला लॅग म्हणतात. साधं इंजिन आपल्या दमानं हवा ओढतं. जोर बेताचा, पण पाय दाबला की तिथल्या तिथं उत्तर.

"अन् हे वहीत काय लिहून राहिले तुमी?" मायाबाईंनी विचारलं. "मुंगीएवढं अक्षर. मले एक दिसत नाई."

"कागद कमी लागते," मिस्त्री म्हणाले, आणि उजवा हात खिशात घातला. हल्ली तो हात तिथंच असे.

पहिली टर्बो पाहिली ती अकोल्यात, मूर्तिजापूर रोडला. शोरूममधला अमोल नावाचा सेल्समन शेजारी बसला, आचल मागे. मिस्त्रींनी डावा पाय मुद्दाम सीटखाली दुमडून ठेवला. वर्कशॉपात बस चालवून पाहायची चौतीस वर्षांची सवय, तो क्लच शोधायला निघाला की नेमका ब्रेकवर पडायचा. शिवणी मागे पडली, चौपदरी लागला. पुढे कापसानं फुगलेली ट्रॉली चालली होती. मिस्त्रींनी आरशात पाहिलं, उजवीकडे गाडी काढली आणि पाय दाबला.

काही झालं नाही. गाडी ट्रॉलीच्या बरोबरीनं रेंगाळली. मागून एक जीप दिवे मारत आली. आणि मग गाडीनं अशी उसळी घेतली, की आचल मागच्या मागे आदळली. "बाबा!" ती ओरडली. ट्रॉलीचा कोपरा वीतभर अंतरानं मागे गेला.

"लॅग," कपाळ पुसत मिस्त्री म्हणाले.

"काका, या गाडीत लॅग नावालाच आहे," अमोल म्हणाला. त्याचा हात अजून दरवाजाच्या कडीवर होता. "एवढा तर नाहीच."

"मले टर्बो शिकवतो काय? आमच्या बसमधी टर्बो आला तवा तू पाळण्यात होता."

परत येताना आचलनं गाडी चालवली. तिला काही जाणवलं नाही. "दाबलं की पळते बाबा. मले तं लय आवडली."

"तुले नाई समजत थे," मिस्त्री म्हणाले, आणि टर्बोवर फुली मारली.

पुढच्या रविवारी मायाबाईंना घेऊन ते अमरावतीला गेले. साधी गाडी बडनेरा रोडच्या शोरूममध्ये होती. "हे पाय," रस्त्याला लागताना त्यांनी मागे मायाबाईंशेजारी बसलेल्या आचलला सांगितलं, "साधं इंजिन म्हणजे शब्दाले जागणारं. तू सांग, थे करते." शोरूमची मुलगी शेजारी हसली. मिस्त्री खुशीत होते.

पुढे दुभाजकाच्या फटीतून त्यांना गाडी वळवून घ्यायची होती. समोरून ट्रक येत होता, पण लांब होता. त्यांनी ब्रेक सोडला. ऑटोमॅटिक गाडी आपली आपण सरकते, तशी ती सरकली आणि तिचं नाक पलीकडच्या रस्त्यात गेलं. आता पाय दाबायचा. त्यांनी दाबला. गाडी तशीच सरकत राहिली.

हॉर्न वाजू लागला. आणि अशा वेळी माणूस ट्रककडे पाहतो, पण मिस्त्रींची नजर गेली इंजिनाच्या फेऱ्यांच्या काट्यावर. काटा खाली, हजाराच्याही खाली, स्वस्थ पडला होता. पाय दाबला असता तर काटा उठला असता. त्यांनी खाली पाहिलं. त्यांचा बूट ब्रेक आणि ॲक्सिलरेटरच्या मधोमध अधांतरी होता. जणू दुसऱ्याच कोणाचा. ते त्याला सांगत होते, आणि तो येत नव्हता.

मग तो पडला. इंजिन ओरडलं, गाडी पलीकडे गेली, मागून ट्रक शिव्या घालत निघून गेला. मिस्त्रींनी गाडी कडेला घेतली, तीही हवी होती त्यापेक्षा चार हात पुढे थांबली.

"हिच्यातबी लॅग हाये का बाबा?" आचलनं हळूच विचारलं.

"नाई," ते म्हणाले. "गाडीत काही नाई." ते उतरले आणि शेजारच्या सीटपाशी जाऊन उभे राहिले. शोरूमची मुलगी मागे गेली आणि आचल स्टिअरिंगवर बसली. परतीच्या एसटीत ते बोरगाव मंजूपर्यंत आपल्या उजव्या पायाकडे पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात त्यांनी खुर्ची ओढली, भिंतीला तिरपा पाट लावला आणि मायाबाईंना म्हणाले, "मी डोळे मिटतो. तू 'दाबा' म्हन."

"हे काय पोरखेळ लावला?"

"म्हन तं."

"दाबा," मायाबाई म्हणाल्या. डावा पाय शब्दासरशी पाटावर आपटला. मग त्यांनी उजवा पुढे केला. "दाबा." काही नाही. मग पाट वाजला. पुन्हा. आणि पुन्हा. कधी लवकर, कधी उशिरा, कधी टाच नुसती थरथरून जागीच. सातव्या वेळी मायाबाईंनी तोंडाला पदर लावला.

"आता नका ना करू," त्या म्हणाल्या. मग सगळंच बाहेर आलं. सदऱ्याच्या गुंड्या लावायला पाव तास लागतो. परवा दूध करपून भांडं काळं झालं, तरी शेजारी बसून वास आला नाही. झोपेत हात उडतो. अक्षर मुंगीएवढं झालं.

"एवढं दिसत होतं, मंग बोलली काहून नाई?"

"काय बोलू? दुसऱ्यांचे बिघाड सांगनारे तुमी. म्हटलं, तुमाले समजतच असन."

आचलनं अमरावतीत न्यूरोच्या डॉक्टरांची वेळ घेतली. त्यांनी मिस्त्रींना बोटं आपटायला लावली, चालवलं, वळवलं, एका कागदावर गोल गोल काढायला सांगितलं. गोल लहान लहान होत गेले. पार्किन्सन, डॉक्टर म्हणाले. गोळ्यांनी आवरता येतो, जात नाही. गाडी चालवणं आजपासून बंद.

"अन् बाजूले बसनं?" मिस्त्रींनी विचारलं.

"खुशाल बसा."

ते बाहेर आले, बाकावर टेकले आणि पहिलं काही बोलले असतील तर ते त्या टर्बोबद्दल. "आचल, माह्यावाला निकाल चुकला. दोष माह्या पायाचा, अन् फुली मारली तिच्यावर. पुन्हा पाहू."

आचलला त्या क्षणी गाडीचं नावही नको होतं. पण बापाचा चेहरा पाहून ती हो म्हणाली.

अकोल्यात पुन्हा अमोल, पुन्हा तीच टर्बो. या खेपेस आचल चालवायला आणि मिस्त्री तिच्या शेजारी. ते म्हणत, "आता दाब," आणि काट्याकडे पाहत. "सोड. पुन्हा दाब." त्यांनी काच वर करून आवाज ऐकला. उभ्या गाडीत तीन सिलिंडरची बारीक थरथर होती, पळताना ती कुठल्या कुठे गेली. ट्रक ओलांडताना दम पुरत होता. लॅग होता, पण अमोल म्हणाला तसा, नावालाच.

"ही घे," ते शेवटी म्हणाले. कित्येक दिवसांनी त्यांचा आवाज वर्कशॉपातला झाला होता. "फक्त लांबून आली की लगेच बंद नको करू. मिनिटभर चालू ठेव, टर्बो थंड होते." मग मागे वळून, "अमोल, तुह्यावाली गाडी बरोबर होती. मीच चुकीचं बोललो."

"अहो काका, असू द्या."

गाडी शोरूमपाशी थांबली. मिस्त्रींनी दार उघडलं, पाय बाहेर ठेवले आणि उठायला गेले. सेडान ती, सीट जमिनीपासून हातभर. ते अर्धे उठले आणि परत बसले. पुन्हा दाराला धरून जोर केला. पुन्हा बसले. आचल अलीकडून धावली, अमोल पलीकडून आला, आणि दोघांनी दोन बगलांत हात घालून त्यांना उभं केलं. अमोलनं चहा मागवला.

आठवड्यानं आचलचा फोन आला, मिस्त्रींनी तो स्पीकरवर घेतला. गाडी बुक केली होती. ती सेडान नव्हती, दुसऱ्याच शोरूमची, उंच होती.

"इंजिन कोनतं हाये? साधं का टर्बो?" मिस्त्रींनी विचारलं.

"इंजिन नाई पाहिलं बाबा," ती म्हणाली. "सीट पाहिली."

मायाबाई विळीवर भाजी चिरत होत्या, त्यांचा हात थांबला. मिस्त्रींना पुष्कळ बोलायचं होतं. इंजिन न पाहता गाडी कोणी घेतं का, हे तर पहिलंच.

"बरं केलं बेटा," ते म्हणाले.

महिन्याभरानं गाडी आली आणि गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली. शेजारपाजारच्या बाया हळदकुंकवाला जमतात तशा भोवती जमल्या. आचलनं शेजारचं दार उघडलं. मिस्त्री कोणाच्या आधाराशिवाय वर बसले, मोर्णा नदीच्या पुलापर्यंत जाऊन आले आणि कोणाच्या आधाराशिवाय उतरले. आचल त्यांच्याकडे आशेनं पाहत होती.

"कशी हाये बाबा?"

"सीट चांगली हाये," ते म्हणाले, आणि भिंतीला हात लावत घराकडे निघाले.