अक्कांनी मोजलेले श्वास

अक्का खाली बघत चालायच्या. मुंगी दिसली की त्या थबकायच्या आणि मागून येणारी अख्खी गल्ली थबकायची. धुळ्यात त्यांचं कापडाचं दुकान होतं, दुकानामागच्या खोलीत मी भाडेकरू. सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला नुकतीच लागले होते आणि बेडूक थंडी कशी काढतात यावर पीएच.डी. करत होते. जैन घरात हे सांगायचं कसं? म्हणून बेडूक ओल्या मातीच्या माठात दडवले होते.

एका गारठलेल्या सकाळी अक्कांनी माठ उघडला.

"मारी टाकात! आजच खोली खाली कर!"

"अक्का, मेले नाहीत हो. थंडीनं मंदावलेत."

मी एक निपचित बेडूक अंगणातल्या उन्हात ठेवला. अक्का कमरेवर हात ठेवून उभ्या. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मग त्याचा गळा हलला आणि त्यानं उडी मारली ती थेट अक्कांच्या पदरात! अक्का किंचाळल्या आणि मग खदखदा हसत खालीच बसल्या. "जित्ता शे! बठ्ठा जित्ता शेतस!" जिवंत होते, सगळेच.

त्यानंतर खोली राहिली, पण अटीवर. चिरायचं नाही, आणि जिथून आणला त्याच नाल्यात सोडायचा. इकडे मार्गदर्शक सर पुण्याहून खरमरीत पत्रं पाठवत: चिरल्याशिवाय कसलं संशोधन? मी रडकुंडीला आले.

"रडतेस काय? गळा हलतो ना त्याचा? तोच मोजू," अक्का म्हणाल्या.

रोज सकाळी मी घड्याळ धरायची, त्या जपाची माळ. गळा हलला की मणी पुढे. मध्येच गिऱ्हाईक आलं तर दुकानाकडे ओरडून सांगायच्या, "थांबा हो, श्वास चालू शे!"

दोन हिवाळे मोजले. आकडे इतके चोख निघाले की सरांनीच हार मानली. प्रबंधात अक्कांचे आभार मानायचे होते, तर म्हणाल्या, "बेडकांचे मान. गारठले ते."

मला पुण्यात नोकरी लागली. निरोप देताना अक्का माझी वळकटी पुन्हा पुन्हा घट्ट बांधत राहिल्या.

पुढच्या थंडीत पोस्टकार्ड आलं. "खोलीत नवी पोरगी ठेवली. वटवाघळांचा अभ्यास करते, पण अंधारात एकटी जायला घाबरते. म्हणून मी सोबत जाते. काल एक हातावर घेतलं. दगडासारखं गार होतं, मग थरथरत आपोआप गरम झालं. हे तू मला का नाही सांगितलंस?"

उत्तर लिहायला बसले आणि हसूच फुटलं. काय सांगणार? मी जन्मात वटवाघूळ हातात धरलं नव्हतं.