ताटातल्या तांदळावरचे नाव

शिरूरच्या महाविद्यालयात मी बरीच वर्षे गुलामगिरीवरची एक अनुवादित कादंबरी शिकवतो. तिच्यातली स्त्री तीन मालकांकडे राबते आणि प्रत्येक मालक तिला आपल्या जिभेला सोयीचे नाव देतो. तिसऱ्या घरी आल्यावर हाक मारली तरी ती ओ देत नाही; मालकाला वाटते, बाई बहिरी आहे. मग एका सकाळी ती पहिल्याच हाकेला ओ देते आणि मालक समाधानाने बायकोला म्हणतो, आता ही आपली झाली. या प्रसंगावर परीक्षेत हमखास प्रश्न येतो. त्याचे उत्तर मी मुलांना सावकाश, स्वल्पविरामासकट सांगत आलो: 'नायिकेची आज्ञाधारकता हे तिच्या अस्मितेच्या पराभवाचे लक्षण होय.' मुले ते पाठ करतात आणि त्यांना गुण मिळतात.

आज त्या वाक्याची मला चीड येते. त्यात पराभव आहे, पराभूत स्त्री आहे, पण हाक मारणारा कुठेच नाही. इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्याने मला त्याबद्दल विचारले नाही, कारण आज्ञाधारकता म्हणजे काय हे ती मुले माझ्याच वर्गात शिकत होती.

मुलाचे लग्न दौंड तालुक्यातल्या खुटबावच्या मुलीशी ठरले. मुलगी रसायनशास्त्र शिकलेली, एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी करणारी. सुपारी फोडायला आम्ही त्यांच्या घरी गेलो. देणेघेणे नको, हे मी आधीच सांगितले होते आणि त्याचा मला अभिमानही होता. पोहे झाले, चहा झाला, आणि माझे थोरले बंधू मांडी बदलून बसले. त्यांना घरात आणि गावातही सगळे आबा म्हणतात.

"आता नावाचं," आबा म्हणाले. "आमच्यात थोरल्या सुनंचं नाव आमी ठेवतो. आमच्या आईचं नाव ठेवायचं ठरलंय. तेवढंच म्हातारीचं नाव घरात नांदल."

मुलीचे वडील हसून म्हणाले, "व्हय की. तुमची लेक, तुमचं नाव. आमाला काय न्हाई."

हे आबांनी कधी ठरवले, मला माहीत नव्हते. पण आईचे नाव कानावर पडले आणि मी विरघळलो. ती जाऊन बरीच वर्षे झाली आहेत. तिचे नाव पुन्हा आमच्या अंगणात ऐकू येईल, या कल्पनेने माझे डोळे भरून आले. समोरच्या पाटावर बसलेल्या मुलीला एक नाव आधीच आहे, हे त्या क्षणी माझ्या ध्यानातही आले नाही. ती खाली बघत होती. मी ती नम्रता समजलो.

चार दिवसांनी तिचा फोन आला. मला आवडले; होणारी सून मुलाला वगळून थेट सासऱ्याशी बोलते, हा मी माझ्या पुरोगामीपणाचा विजय मानला.

"आप्पा, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार की."

"नाव बदलायचंच का?"

"बघू," म्हणालो.

आमच्याकडे वडीलधारे 'बघू' म्हणतात तेव्हा काय होणार असते, हे प्रत्येक लहान मुलाला कळते. तिलाही कळले. "बरं," ती म्हणाली आणि माझ्या गुडघ्याची चौकशी करून तिने फोन ठेवला. मी आबांशी बोललो नाही. बोललो असतो तर ते रागावले असते, दोन दिवस जेवले नसते, मग जेवले असते. एवढेच झाले असते. एवढ्याला मी भ्यालो.

लग्न तळेगाव ढमढेरेच्या एका मंगल कार्यालयात झाले. वरात घरी आली, उंबऱ्यावरचे माप ओलांडून झाले, आणि पाटासमोर पितळेचे ताट आले. ताटात तांदूळ पसरून तळव्याने सपाट केलेले. नवऱ्याने सोन्याच्या अंगठीने त्यात बायकोचे नवे नाव लिहायचे, मग ते मोठ्याने सांगायचे आणि साखर वाटायची, अशी ही रीत. बायका दाटीने उभ्या होत्या. "बघ हं, ऱ्हस्व-दीर्घ नीट लिही, मास्तराचा पोरगा हायस!" कुणीतरी ओरडले आणि हशा पिकला.

मुलाने अंगठी हातात धरून माझ्याकडे पाहिले. "लिहू ना?" त्याने अगदी हळू विचारले.

मी मान हलवली. त्याने लिहिले. तांदळात अक्षर उमटते तेव्हा दाणे दोन्ही बाजूंना सरकतात आणि मधे पितळ दिसते. आईचे नाव उमटले. मी साखरेची चिमूट तोंडात टाकली आणि ती मला गोड लागली. हे लिहिताना मला शरम वाटते, पण लागली.

त्यानंतर आमच्या घरात एक चमत्कारिक खेळ सुरू झाला. ओसरीवरून आबा नव्या नावाने हाक मारत आणि स्वयंपाकघरातून उत्तर येत नसे. सून तिथेच उभी असे, पोळ्या लाटत, कधी गुणगुणतही. ती अडून बसली नव्हती. ते नाव आपले आहे, हे तिच्या कानांना अजून ठाऊकच नव्हते. आबा दुसऱ्यांदा ओरडत, तिसऱ्यांदा ओरडत, मग माझी पत्नी तिच्या कोपराला हात लावून सांगे, "अगं, तुला म्हणतायत." ती दचके. "अय्या, मला होय?"

"कान तपासून आनलेत का न्हाई हिचे?" आबा म्हणत. "का खुटबावच्या ष्टँडवर ठिवून आली?"

"आबा, कंपनीत गेटवर एक नाव, घरात एक," ती हसून म्हणे. "दोन शिफ्टला दोन नावं. गोंधळ होतो हो."

सगळे हसत, मीही हसत असे. मनातून मला ते बरे वाटत होते. तिने ओ दिली नाही की माझ्या 'बघू'चा निकाल अजून लागलेला नाही, असे मला वाटे. तिने लढावे आणि मी कौतुकाने बघावे, अशी ही सोय होती.

मग दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी ओसरीवर उत्तरपत्रिका तपासत बसलो होतो. प्रश्न तोच, कादंबरीतल्या त्या सकाळचा. प्रत्येक उत्तरपत्रिकेत माझेच वाक्य, माझ्याच स्वल्पविरामांसह. शेजारी खाटेवर आबा होते. त्यांनी सवयीने हाक मारली, आईच्या नावाने, एकदाच.

"आले!"

आतून लगेच, सहज, पदराला हात पुसत यावे तसा आवाज आला. ती बाहेर आली, तांब्या ठेवला, आत गेली. काहीच घडले नव्हते. आबा पाणी प्याले, मिशी पुसली आणि समाधानाने म्हणाले, "रुळली बघ पोर आता. आता आपली झाली."

माझ्या हातात लाल पेन होते. मी ते इतके दाबले की कागद फाटला. ते वाक्य मी वीसएक वर्षे वर्गात वाचून दाखवत होतो, मालकाचे म्हणून, आवाज थोडा कठोर करून. आबांचा आवाज कठोर नव्हता, मायेचा होता. मुलांना मी कठोर आवाज शिकवला आणि मायेचा आवाज ओळखायला शिकवले नाही, कारण तो मला स्वतःला ओळखता येत नव्हता. मला आबांचा राग आला, पण तो फार वेळ टिकला नाही. ते जे मानतात तेच करतात. मी जे शिकवतो ते करत नाही.

"आबा," मी विचारले, "आईचं माहेरचं नाव काय होतं?"

"आं?"

"तिचं नाव पण इथंच ठेवलं असणार ना? त्याआधी काय होतं?"

आबांनी आठवून पाहिले. खरोखर प्रयत्न केला. मग म्हणाले, "काय की बा. कोन विचारतंय ते? आई म्हंजी आई."

आम्ही दोघे भाऊ तिच्या अंगाखांद्यावर वाढलो. तिच्या चितेला आबांनी अग्नी दिला. ती लग्नाआधी कोण होती, हे आम्हाला माहीत नव्हते. ज्या नावासाठी मी डोळ्यांत पाणी आणले, तेही कुणीतरी कुठल्याशा ताटात तांदूळ पसरून तिच्यावर लिहिलेले होते, आणि तेच उचलून आम्ही पुढच्या मुलीला दिले होते.

मी आत जाऊन पत्नीला विचारले. ती भाजी निवडत होती. तिचे नावही मीच एका ताटात बदलले होते. तिच्या माहेरच्या माणसांखेरीज तिला जुन्या नावाने आता कुणी हाक मारत नाही.

"मला माहितीय," ती म्हणाली. "सासूबाईंनी सांगितलं होतं. इथंच, चुलीपाशी."

"सांग मग."

तिने मेथीची जुडी खाली ठेवली. "नाही सांगणार. तुमच्या हातात पडलं की तेही कुणाला तरी ठेवाल." आणि मग, आवाज न चढवता, "त्यांनी सुनेला सांगितलं, लेकांना नाही. काहीतरी विचार करूनच सांगितलं असेल ना?"

त्या दुपारी मला प्रायश्चित्ताची घाई झाली. माझ्यासारख्या माणसांना ती फार लवकर होते. सगळे जेवायला बसले होते. सून वाढत होती. मी तिला तिच्या मूळ नावाने हाक मारली, सर्वांसमोर, मुद्दाम स्पष्ट.

ती थांबली. हातात आमटीचे पातेले. आबांचा घास तोंडाशी राहिला.

"आजपासून या घरात तुझं तेच नाव," मी म्हणालो. "मी ठरवलंय. आबा, तुम्हाला राग आला तरी चालेल."

तिला आनंद होईल, अशी माझी खात्री होती. तिने पातेले खाली ठेवले. तिच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा राग पाहिला, आणि तो माझ्यावर होता.

"आप्पा, मी फोनवर विचारलं तेव्हा तुम्ही 'बघू' म्हणालात. मग तुम्ही सगळ्यांनी मिळून बदललं. रोज स्वतःला सांगून सांगून मी ते कानांना शिकवलं. आता तुम्ही म्हणता, परत बदल. तेव्हाही तुम्हीच ठरवलं, आताही तुम्हीच."

"मी तुझ्या बाजूनं..."

"माझ्या बाजूला यायच्या आधी विचारायचं तरी." ती म्हणाली. "मला कुठल्या नावानं ओ द्यायची, ते माझं मी ठरवीन. कदाचित घरात हेच ठेवीन. कदाचित नाही. पण आज सांगणार नाही. तुम्ही विचारलं म्हणून लगेच सांगायचं, हे पण नको."

मुलगा खाली बघत बसला होता, माझाच मुलगा. आबा पुटपुटले, "बघ, मास्तर. पोरीनं तोंड वर केलं." पत्नीने शांतपणे माझ्या पानात भात वाढला.

कादंबरीच्या शेवटी त्या स्त्रीला मालकाचा मुलगा स्वातंत्र्य देतो. ती आभार मानत नाही, नुसती त्याच्याकडे बघत उभी राहते. हा शेवट मी वर्गात नेहमी 'संदिग्ध' म्हणून सोडून देत असे. त्यात संदिग्ध काहीच नाही. आपण देतो म्हणून तिला मिळते, असे ज्याला वाटते, त्याच्याकडे ती दुसऱ्या कशा नजरेने बघणार? यंदाच्या नव्या मुलांना मी उत्तर लिहून दिले नाही. त्यांनी प्राचार्यांकडे तक्रार केली. केली, हे बरे झाले.

तिने अजून सांगितलेले नाही. मीही पुन्हा विचारलेले नाही. ती सांगेपर्यंत मी तिला कोणत्याच नावाने हाक मारत नाही, आणि तेव्हापासून मला कळते आहे की मी दिवसभरात किती वेळा हाक मारत होतो: चष्म्यासाठी, चहासाठी, वर्तमानपत्रासाठी. नावच नाही, तर हुकूम कोणाला सोडणार? उठावे लागते. गुडघा दुखतो.

परवा आबांनी ओसरीवरून आईच्या नावाने हाक मारली. आत काही वेळ भांड्यांचा आवाज थांबला. ओ आली नाही. आवाज पुन्हा सुरू झाला. आबांनी दुसऱ्यांदा हाक मारायला तोंड उघडले, तोवर मी माठापाशी पोहोचलो होतो. तांब्या भरून त्यांच्यापुढे ठेवला.

"तुला कुनी बोलावलं?" आबा चिडून म्हणाले.

"कुणीच नाही," मी म्हणालो. "घ्या, पाणी प्या."