फांदीआडची खिडकी

माझा नवरा क्लिफर्ड लडलो गावाच्या आसपास झाडं छाटतो. फांदी कापण्याआधी तो ती दोरानं बाजूला ओढतो आणि मालकाला ऊन कुठं पडेल ते दाखवतो. काल तो ग्लेनिस नावाच्या बाईच्या बागेतल्या ओकवर चढला होता. तिच्या डेलियांना फुलांच्या प्रदर्शनाआधी ऊन हवं होतं.

मी खालून दोर ओढला. हिरवट सोनेरी ऊन डेलियांवर पाण्यासारखं पसरलं. पण पलीकडे राहणाऱ्या ग्लेनिसच्या बहिणीची खिडकीही उघडी पडली. दोघींचा अबोला कितीतरी वर्षांचा. बहीण बटाटे सोलत होती.

"कापू का ग्लेनिसबाई? की इथंच झोपू?" क्लिफर्डनं वरून विचारलं.

"झोप. घरी तरी काय करतोस?" ग्लेनिस म्हणाली, पण नजर खिडकीवरच होती.

बहिणीनं मान वर केली. ग्लेनिसनं केस सारखे केले.

"काप," ती हळूच म्हणाली.