भिंतीवरचा हिरवा दिवा

या सदरातले अनुभव मी चहासोबत वाचतो आणि हसतो, हे आधीच सांगून टाकतो. भूत, भानामती, देवऋषी... आपल्याला यातलं काही पटत नाही. माझा विश्वास मल्टीमीटरवर. तरीही लिहायला बसलोय, कारण जे घडलं ते माझ्याच हातानं केलेल्या सर्किटमध्ये घडलं.

आमचं घर कोल्हापूरला, मंगळवार पेठेत. दोन हजार पाच-सहाच्या आसपासची गोष्ट, लोडशेडिंग जोरात होतं तेव्हाची. मी एका दूध डेअरीत क्लार्क, पण छंद इलेक्ट्रॉनिक्सचा. मासिकात आलेलं सर्किट बघायचं, सुटे भाग आणायचे आणि रविवारभर सोल्डर करत बसायचं. लाईट गेली की वाजणारा बझर, व्होल्टेज वाढलं की फ्रिज बंद करणारा रिले... घरात जिथं बघाल तिथं माझ्या डब्या. विमल, म्हणजे माझी बायको, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "ह्यांचं लगीन माझ्यासंगं न्हाई, त्या सोल्डर गनसंगं झालंय."

वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. त्यांची पिठाची गिरणी होती. माणूस तापट, एकदा बोलला की बोलला. माझी धाकटी बहीण सुलभा, तिनं कुरुंदवाडच्या एका लिंगायत व्यापाऱ्याच्या मुलाशी आपल्या मनानं लग्न केलं, तेव्हा आबा एवढंच म्हणाले, "दारात आली तरी आत घ्यायची न्हाई." ती आलीच नाही. बरीच वर्षं गेली.

मग आबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. एकच शब्द राहिला — "आली." डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, एखादाच शब्द शिल्लक राहतो. गिरणीवाल्याचा सगळा जन्म लाईटची वाट बघण्यात गेलेला, त्यामुळं नेमका तोच राहिला याचं मला नवल वाटलं नाही.

मी सुलभाला फोन केला. ती म्हणाली, "अण्णा, आबांनी ये म्हटलं तर येते. न्हाईतर न्हाई." बापाचीच लेक. आणि आबांना 'ये' म्हणता येत नव्हतं.

लाईट गेली की आबा कॉटवर डोळे मिटून पडायचे. मधेच म्हणायचे, "आली." आपण मान वर करेपर्यंत पंखा फिरायला लागायचा. विमल म्हणाली, "आबास्नी आधी कळतंय." मी म्हटलं, "कायतरीच बोलू नकोस." पण नुसतं म्हणून भागतं होय? मोजून बघायला पाहिजे.

क्विझमध्ये कुणी आधी बटण दाबलं ते दाखवणारं सर्किट असतं ना, तसलंच केलं. दोन दिवे. लाईट आधी आली तर लाल, आबांनी बटण आधी दाबलं तर हिरवा. एक लागला की दुसरा अडतो, रिसेट करेपर्यंत. डबी सेलवर चालायची, म्हणजे लाईट नसतानाही जागी. ती भिंतीवर लावली, तिची वायर उशीपर्यंत नेली आणि बेलचं बटण आबांच्या डाव्या हाताशी, उशीला बांधलं. त्यानंतर दरवेळी हिरवा. मी भाग बदलले, वायरिंग पुन्हा केलं. तरी हिरवाच.

हळूहळू आबांचा तो शब्दही गेला. बोट तेवढं हलायचं. मग घरात सवयच पडली — हिरवा दिवा ज्याला दिसेल त्यानं आबांच्या वतीनं म्हणायचं, "आली."

शेवटी शेवटी ते भलत्याच वेळी बटण दाबायला लागले. लाईट चालू, पंखा गरगरतोय, आणि हिरवा दिवा लागलेला. नजर दाराकडं. मी म्हणायचो, "आबा, लाईट हाय की. उगा दाबू नका." आणि रिसेट करायचो.

ते गेले तेव्हा मला रडू आलं नाही. लोक उचलायला आले, बटण उशीला बांधलेलं, म्हणून मीच पक्कड आणून वायर कापली. भिंतीवरनं लोंबणाऱ्या वायरीच्या दोन्ही तारा फाकवून टोकांना वेगवेगळी टेप गुंडाळली. अंथरुणाबरोबर बटणही गेलं. कॉट कुणाला तरी देऊन टाकली. डबी तेवढी भिंतीवर राहिली. लाईट येऊन लाल दिवा लागला की मी जाता-येता रिसेट करायचो. का, ते माहीत नाही. हात आपोआप जायचा.

सुलभा मातीला आली नाही, दिवसकार्यालाही नाही. सगळे पाहुणे पांगल्यावर एका दुपारी एकटीच आली. हातात पिशवी, चपला काढून उंबऱ्याबाहेरच उभी. म्हणाली, "येऊ का, अण्णा?"

"ये की," मी म्हटलं.

तिनं पाऊल आत टाकलं. विमल स्वयंपाकघरातनं पाण्याचा तांब्या घेऊन येत होती. तिची नजर भिंतीकडं गेली आणि जुन्या सवयीनं तोंडातनं निघालं, "आली."

मग ती जागच्या जागी थांबली. पंखा चालू होता. सुलभानं वर पंख्याकडं बघितलं.

"लाईट गेलती व्हय, वैनी?"

"न्हाई."

"मग कोण आली म्हणालीस?"

विमल माझ्याकडं बघायला लागली. भिंतीवर हिरवा दिवा लागलेला. मला काहीच वाटत नव्हतं, ना भीती ना काही. तोंडातनं एवढंच आलं, "तू. आबा म्हणत्यात."

मग मी तिला बटणाचं सगळं सांगितलं. ते दाराकडं बघत दाबायचे, तेही. कॉट होती त्या जागी ती फरशीवर बसली आणि मोठ्यानं रडली. विमल तिला धरून बसली. मी कापलेल्या वायरीची टेप तपासत होतो.

टेप शाबूत होती. टोकं एकमेकांपासून वीतभर लांब. लाईनमध्ये झटका आला असेल म्हणावं, तर झटक्यानं लाल लागेल, हिरवा नाही. कापलेल्या वायरीत इंडक्शन आलं असेल... तर मग आधी का नाही आलं, नंतर का नाही? मी ती वायर तशीच ठेवून फ्रिज, मिक्सर, पंखा सगळं लावून-बंद करून बघितलं. कधीच लागला नाही. वाचकांपैकी कुणी जाणकार असतील तर त्यांनी सांगावं. मला उत्तर सापडलेलं नाही.

सुलभा आता सणावाराला येते. डबी मी काढलेली नाही, सेलही बदलत असतो. ती दारात आली की आधी माझी नजर भिंतीकडं जाते. दिवा लागत नाही. मग विमलच म्हणते, "आली."