डाव्या हाताची बटणं

माझा भागीदार विजय गेल्याचा फोन आला तेव्हा मी पनवेलच्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात एका प्रोग्रॅममधली चूक शोधत होतो. त्याची मुलगी मानसी बोलत होती, "काका, बाबा गेले." मी "निघालो" म्हटलं, फोन ठेवला आणि नुसता खाली जायचा बाण दाबत राहिलो. ओळी सरकत होत्या, मी वाचत काहीच नव्हतो... तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. चहा ठेवतो, तो उतू जातो. खुर्चीत बसलो की उठावंसं वाटतं.

खरं तर हा विजयचा स्वभाव. मोरा बंदरावरच्या कोळ्यांचं हे पोर, वडील होडीवर, हा कॉम्प्युटरवर. एक ओळ लिहायची तर आधी फाइलच्या माथ्यावर जाणार, मग तळाशी, मग मध्येच कुठेतरी, आणि तेव्हा कुठे मूळ जागी येऊन लिहायला लागणार. बघून मला घेरी यायची. बाणांची बटणं त्याला कधीच चालली नाहीत. "हात तिकडे जाईस्तोवर डोक्यातलं पळून जातं रे," म्हणायचा. म्हणून कर्सर हलवायला तो कीबोर्डच्या मधलीच अक्षरं निवडायचा, आणि दर महिन्याला बदलायचा. त्याच्या मशीनवर बसलं की मी आंधळा. "कंपनीने बाण काय शोभेला दिलेत?" मी चिडायचो. तो हसायचा आणि आणखी एक बटण बदलायचा. असा छळवादी भागीदार पुन्हा मिळायचा नाही.

मग मेंदूतली गाठ निघाली आणि उजवा हात गेला. रोडपालीच्या घरात खाटेवर बसून त्याने सगळी निवड पुन्हा केली, डाव्या हातापुरती. कॅप्स लॉक दाबून धरायचा; ई वर, डी खाली, एस डावीकडे, एफ उजवीकडे. डब्ल्यू दाबलं की आपण शेवटी जिथं लिहीत होतो तिथं परत. या एका बटणासाठी त्याने आठवडाभर डोकं खाल्लं. "कुठेही भटकलो तरी परत येता आलं पाहिजे," म्हणाला. मी विषय बदलला.

परवा मानसीचा फोन आला. कॉलेजसाठी तिला विजयचा लॅपटॉप हवा होता, पण बटणं भलतीच चालत होती. सरळ करून द्याल का? काम दहा मिनिटांचं. मी जाऊन बसलो आणि हात चालेना. ही बटणं पुसली की विजयचं काय उरणार होतं? मी उठलो, गॅलरीत गेलो, परत आलो. पुन्हा उठलो.

"बसा ना भावोजी," वैशालीवहिनी म्हणाल्या. "आनि ती बटनं काडू नका. माजी सवय तीच हाय." मला कळेना. शेवटी शेवटी त्याचा डावा हातही थकला होता, तेव्हा तो सांगायचा आणि वहिनी टाइप करायच्या, हे मला माहीतच नव्हतं. त्यांनी लॅपटॉप पुढ्यात ओढला, त्याची फाइल उघडली. कर्सर माथ्यावर गेला, तळाशी गेला, मध्येच थबकला. हुबेहूब विजय. मग डब्ल्यू दाबून त्या मूळ जागी आल्या. सगळं एका डाव्या हाताने. उजवा हात खाटेच्या कडेवर तसाच पडून होता.

"वहिनी, तुमचा उजवा हात तर धड आहे," मी म्हटलं. "तो का नाही वापरत?"

त्यांनी हाताकडे असं पाहिलं, जणू तो तिथं आहे हे आत्ताच कळलं.

"तो यांच्या हातात असायचा ना," त्या म्हणाल्या.

मानसीला मी त्याच लॅपटॉपवर नेहमीच्या बटणांचं वेगळं खातं काढून दिलं. विजयच्या खात्याला हात लावला नाही.