शिळ्या पाण्याचं पिंप

तुमच्या हाती लागलेल्या जुन्या फोटोत आपल्या दहिवलीच्या घराचं मागचं अंगण आहे आणि अंगणात एक निळं प्लास्टिकचं पिंप. त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलंय, 'शिळे पाणी. ओतू नये.' आजीने हे काय लिहिलं म्हणून तुम्ही फोनवर खूप हसलात. हसा. ते मी विचार करून लिहिलं होतं आणि पुसायला सांगणाऱ्यांचं ऐकलं नव्हतं.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. त्या घरात माझी म्हणावी अशी एकच वस्तू होती, माशांची काचेची पेटी. घर मासे खाणाऱ्यांचं, त्यामुळे पाळलेल्या माशांची थट्टा कोणीही करी. शेजारीण तर कुंपणावरून विचारायची, "काय गं, तळायला कवा काढतीस?" पावसाळ्यात नळाच्या पाण्याला ब्लीचिंग पावडरचा उग्र वास येई. एकदा तेच पाणी थेट पेटीत घातलं आणि सकाळी सगळे मासे उलटे तरंगत होते. तुमचे आजोबा म्हणाले, "पुन्हा आण हवं तर. पण हेही मेले, तर पेटी विकायची. घरात सारखं सुतक नको."

मी पुन्हा आणले. आता पाणी वाळू-कोळशातून गाळायचं, मग फडकं बांधून दोन दिवस उघड्यावर राहू द्यायचं, म्हणजे पावडरचा अंश उडून जातो. हे मी इंग्रजी पुस्तकात वाचलं होतं. पण एवढं पाणी ठेवायचं कशात? तांब्याच्या हंड्यातलं पाणी माशांना सोसत नाही. म्हणून खालापूरच्या रस्त्यावर कारखान्यांची रिकामी पिंपं विकणाऱ्या भंगारवाल्याकडे गेले. त्याने पुढे केलेल्या पहिल्याच पिंपात मी डोकं घातलं आणि खोकत बाहेर काढलं.

"घासलं का वास जातो, बाई."

"वास जाईल. आत भिनलेलं औषध नाही जाणार."

"लोक यात पियाचं पानी भरतात!"

"तेही चुकतात. माझे मासे यातलं पिणार नाहीत."

त्याने कपाळावर हात मारला. पण मी हलले नाही. ज्यावरची चिठ्ठी शाबूत होती आणि ज्यात गोळ्या-बिस्किटांच्या कारखान्याचा साखरेचा पाक आला होता, असं एक मिळेपर्यंत मी सगळी पिंपं उलथीपालथी करायला लावली. घरी आणून ते गरम पाणी आणि खायच्या सोड्याने धुतलं, उन्हात ठेवलं, पुन्हा धुतलं. मग त्यातलं पाणी बरणीत घेऊन एकच मासा सोडला. तो टिकला, तेव्हाच बाकीच्यांचं पाणी त्या पिंपात भरलं.

सगळं सुरळीत झालं असतं, पण तुमच्या पणजींचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, एक नियम होता. रात्रीचं पाणी सकाळी शिळं. सूर्य उगवला की माठ, हंडे, कळशा रिकाम्या करून ताजं भरायचं. गौरी यायच्या दिवशी घर पाहुण्यांनी भरणार, म्हणून त्यांनी माझं पिंपही आडवं करून अळवाच्या वाफ्यात ओतलं आणि नळाचं ताजं पाणी काठोकाठ भरलं. मला मोठ्या प्रेमाने म्हणाल्या, "किती दिवसांचं शिळं होतं गं! म्हटलं, सुनेचे मासे तरी ताजं पाणी पितील."

मी झाकण उचललं. ब्लीचिंगचा भपका आला. आणि पेटीतलं पाणी गढूळ झालं होतं, मासे वर येऊन तोंडं उघडत होते. त्याच दिवशी अर्धं बदलायलाच हवं होतं.

मी चुलीवरचं चहाचं आधण उतरवलं आणि सगळ्यात मोठं ॲल्युमिनियमचं पातेलं नळाच्या पाण्याने भरून चढवलं. पाणी खळखळून उकळलं की पावडर उडते. ओटीवर पाहुणे येऊन बसले होते. तुमचे आजोबा आत आले.

"चहा?"

"उशीर होईल."

"पाहुण्यांच्या आधी मासे?"

"हो. पाहुणे थांबू शकतात."

ते बाहेर जाऊन पाहुण्यांशी पावसाच्या गप्पा मारत बसले. मी पाणी उकळलं, परातींतून पसरून निववलं आणि थोडं थोडं पेटीत सोडलं. त्यानंतर चहा ठेवला. संध्याकाळपर्यंत मासे तळाशी उतरून पुन्हा फिरू लागले.

दुसऱ्या दिवशी ब्रश घेऊन मी ती अक्षरं लिहिली. सासूबाई हादरल्या. "सणाच्या दिवशी दारात 'शिळं'? लोक काय म्हणतील? 'माशांचं पाणी' लिही की."

"आई, आपल्या घरात माशांचं पाणी म्हणजे मासे धुतलेलं. ते तुम्हीच मिरचीच्या रोपांना घालता."

आजोबा म्हणाले, "पाहुणे जाईपर्यंत तरी पूस." मी ब्रश धुऊन ठेवला आणि जेवायला वाढलं.

जेवणानंतर एक पाहुणी हात धुवायला पिंपाकडे वळली, लोटा बुडवणार तोच स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला, "अगं ए, हात लावू नको! शिळं हाय ते!"

एरवी शुद्ध बोलणाऱ्या बाई, पण ओरडताना 'हाय' निघालं. पेटी विकायचं पुन्हा कोणी काढलं नाही.